फळ्यावरचा हिशेब

“कर? तो ह्यांचा विषय. आम्ही बायका कुठं कर भरतो?”

भालकीपासून आळंदपर्यंत कुठल्याही घरात विचारा, बहुतेक हेच उत्तर मिळतं. घरात दुकान असेल तर हमखास. रिटर्न भरायचे दिवस आले की पुरुषमाणसं फाइल घेऊन सीएकडं जातात आणि आपण चहा ठेवतो. त्यामुळं आपल्याला वाटतं, सरकारचा आणि आपला पैशाचा काही संबंधच नाही.

पण भगिनींनो, सकाळी उठल्यापासून जरा मोजून बघा. दात घासायची पेस्ट, अंगाचा साबण, डोक्याचं तेल, फोनचं रिचार्ज, सगळ्यात कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, पेस्ट, डोक्याच्या तेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो कमी झाला तेव्हा कित्येकींना कळलं की इतकी वर्षं आपण १८ टक्के देत होतो! आता तुरीची डाळ घ्या. आपला कलबुर्गी जिल्हा म्हणजे तुरीचं कोठार. २०१९ साली ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. हीच डाळ पोत्यातून सुटी घेतली तर कर नाही. पण जुलै २०२२ पासून ती सीलबंद, नाव छापलेल्या छोट्या पाकिटात आली की ५ टक्के लागतात. आपल्याच रानातली तूर कर लावून आपल्याच चुलीवर येते.

आणि हा कर गरीब-श्रीमंत बघत नाही. तूर काढायला येणारी मजूर बाई आणि त्या रानाची मालकीण, दोघी एकाच साबणाला सारखाच कर देतात. मालकिणीला तो जाणवत नाही, रोजगारावर पोट असणारीला जाणवतो. ‘शक्ती’ योजनेत बिनतिकिटाचा प्रवास करते म्हणून जिला ‘फुकटी’ म्हणून हिणवतात, ती बाईसुद्धा रोज कर भरते. तेव्हा पहिली गोष्ट पक्की धरू : आपण सगळ्या करदात्या आहोत.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती आपल्याच समाजाला लागून आहे. आपण व्यापारी माणसं. ‘पक्कं बिल पाहिजे की कच्चं?’ हा प्रश्न आपण विचारतो आणि आपल्यालाही विचारला जातो. सोन्यावर ३ टक्के जीएसटी आहे, म्हणजे लाखाच्या दागिन्यावर तीन हजार. कच्च्या चिठ्ठीवर घेतलं की तेवढे वाचले, आणि वाचवणारा हुशार ठरला. त्याला कुणी टोकलं तर उत्तर तयार असतं : “सरकार खातंच की! त्यांना खाऊ घालण्यापेक्षा मी पांजरपोळाला देईन, चातुर्मासाला देईन.”

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. त्यात खरा प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या हाती पैसा द्यायचा तोच नीट वापरत नसेल, तर त्याला न देणं ही चोरी कशी? आणि तोच पैसा मी चांगल्या कामाला लावला, तर बिघडलं कुठं?

आपण स्वाध्यायाला बसतो तेव्हा अचौर्य अणुव्रताचे अतिचार वाचतो. त्यात खोटी मापं येतात, भेसळ येते, चोरीचा माल घेणं येतं. आणि त्यांच्याच पंगतीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ बसलेला आहे. राज्याचे नियम डावलून देवघेव करणं, असा त्याचा अर्थ. करचुकवेगिरी त्यातच मोडते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हा दोष चोरीच्या पोटात ठेवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चोरी कुणाची तरी असते. खोट्या मापानं समोरच्या गिऱ्हाइकाचं जातं. चुकवलेल्या करानं कुणाचं जातं? जो माणूस त्या वेळी दुकानात उभाच नसतो, त्याचं. त्याचा दवाखाना, त्याची शाळा, त्याच्या गावचं पाणी. तो दिसत नाही म्हणून चोरी चोरीसारखी वाटत नाही, एवढंच.

पण एवढंच सांगून थांबले तर ते अर्धंच सांगणं होईल. त्या काळी राजा कुणाला विचारून राजा होत नव्हता. प्रजेनं भरायचं, विचारायचं नाही, अशी ती रीत. आज आपण रांगेत उभं राहून, बटण दाबून राज्यकर्त्याला बसवतो. म्हणून व्रताचा अर्थही वाढायला पाहिजे. कसा वाढायला पाहिजे, त्याचा नमुना आपल्या मंदिरातच आहे.

अभिषेकाची, कलशाची बोली लागते. बोललेली रक्कम वेळेवर दिली गेली नाही तर घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात; बोली बोलून न भरणं हे पाप, असं आपण मानतो. ते द्रव्य कुणी स्वतःसाठी वापरलं तर त्याहून मोठं पाप. निर्माल्याला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. आणि वर्ष संपलं की विश्वस्त हिशेब फळ्यावर लावतात. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. एखादे आजोबा चष्मा पुसून, आकड्यावर बोट ठेवून बेरीज तपासतात. त्याचा कुणाला राग येत नाही. तिथं कुणी असं म्हणत नाही की, “विश्वस्तांवर माझा भरवसा नाही, म्हणून मी बोली बुडवतो.” भरवसा नसेल तर सभेत विचारतात, पुढच्या खेपेला विश्वस्त बदलतात.

माझं म्हणणं एवढंच आहे : सरकारी तिजोरीलाही हेच तीन नियम लावावेत. न भरणं हे पाप, खाणं हे पाप, आणि फळ्याकडं न बघता तसंच घरी जाणं हेही पाप. आपल्यातले कितीतरी जण पहिलं करतात आणि दुसऱ्याचा दाखला देतात. तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

आता दानाचं. दानाला मी कमी लेखत नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांवर आपला समाज उभा आहे, आणि कितीतरी धर्मशाळा, वसतिगृहं, दवाखाने त्यातूनच निघाले. पण दान आणि कर यांत एक फरक आहे. दान कुणाला द्यायचं हे देणारा ठरवतो. ज्याला मिळालं नाही तो विचारू शकत नाही, “मला का नाही?” दान घेणारीची मान थोडी खाली जाते. सरकारी दवाखान्यात औषध घेणाऱ्या बाईची मान खाली जायचं कारण नाही, कारण तो तिचा हक्क आहे. साबणाच्या वडीपासून तिनंही त्यात घातलेलं आहे. म्हणून बुडवलेल्या कराच्या पैशातून केलेलं दान मला दान वाटत नाही. दुसऱ्याचा हक्क काढून घ्यायचा आणि त्यातलाच थोडा उपकार म्हणून परत द्यायचा, असं ते होतं.

आपल्या मुलखाला हा पेच नवा नाही. पंधराव्या शतकात बीदरला बहामनी सुलतानाची गादी होती आणि मंगळवेढ्याला दामाजीपंत त्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला, तो पुढं दामाजीपंतांच्याच नावानं ओळखला गेला. सरकारी कोठारं धान्यानं भरलेली आणि बाहेर माणसं अन्नावाचून मरत होती. पंतांनी कोठारं उघडली. बीदरहून त्यांना पकडून आणायचा हुकूम सुटला. तेवढ्यात प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराच्या वेषात बीदरच्या दरबारी गेला, धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली, अशी कथा महिपतींनी ‘भक्तिविजया’त सांगितली आहे.

सगळे चमत्काराकडं बघतात. मी त्या पावतीकडं बघते. धान्य उपाशी माणसाचं, हे कथेला मान्य आहे. पण तिजोरीचा आकडा जुळला पाहिजे, हेही तिला मान्य आहे. सरकारी माल गेला तर तो कुठं गेला याचा कागद पाहिजे, एवढी शिस्त साक्षात देवालाही चुकली नाही! मात्र दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ही कथा एका नापास राज्याची आहे. ज्यांनी पिकवलं त्यांनाच संकटात धान्य मिळावं म्हणून एका धर्मात्म्याला मान पणाला लावावी लागली आणि भरपाई करायला देवाला यावं लागलं. ज्या गावाला दामाजीपंत लाभले नाहीत, त्या गावानं काय करायचं?

आज दुष्काळ आणि पूर हेही निव्वळ दैव राहिलेले नाहीत. कोळसा-तेल जाळून हवा तापते, पावसाचं तंत्र बिघडतं, हे आता शास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि आपल्या शेतकऱ्यालाही. २०२३ साली कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, भीमेला महापूर आला आणि अफजलपूर, जेवरगी भागातली उभी तूर पाण्याखाली गेली. तापलेल्या हवेत त्या तूर काढणाऱ्या बाईचा वाटा किती? तिच्या घरी गाडी नाही, एसी नाही. पण तिचा रोजगार पहिल्यांदा बुडतो.

अशा वेळी राज्यकर्त्यानं काय करावं? सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठचं मळखेड आपल्याला प्रिय. ते राष्ट्रकूटांचं मान्यखेट, आचार्य जिनसेनांना गुरू मानणाऱ्या अमोघवर्षाची राजधानी. संजानच्या ताम्रपटात त्या राजाबद्दल लिहिलं आहे, की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. बोट कापणं आपल्या अहिंसेच्या विचारात बसत नाही आणि त्यानं संकट टळतं असंही नाही. पण प्रजेच्या संकटाची किंमत पहिल्यांदा मी मोजायची, ही त्यामागची भावना बघा. त्या राजानं बोट दिलं. आताचे बोट दाखवतात! पूर आला की कर्नाटकानं महाराष्ट्राच्या उजनी धरणाकडं दाखवायचं. दुष्काळ पडला की राज्यानं केंद्राकडं आणि केंद्रानं राज्याकडं. २०२३ च्या दुष्काळासाठी राज्यानं केंद्राकडं १८,१७१ कोटी मागितले. मार्च २०२४ मध्ये त्यासाठी सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि एप्रिलअखेर हातात आले सुमारे ३,४५४ कोटी. मागणी बरोबर होती की देणं बरोबर होतं, ते कोर्ट बघेल. मी एवढंच म्हणते, की दोन सरकारं कोर्टात उभी असताना तो खरीप केव्हाच करपून गेला होता.

त्याच मळखेडच्या आजूबाजूला, सेडमपासून वाडीपर्यंत, आज सिमेंटचे कारखाने आहेत. खाली चुनखडीचा थर आहे म्हणून ते तिथं आले. चुनखडी भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यात कोळशाचा धूर तर होतोच, शिवाय दगडातूनही कार्बन वायू निघतो : शुद्ध शंभर किलो चुनखडीतून चव्वेचाळीस किलो. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत आपल्या आचार्यांनी भट्टीचा धंदा म्हणून अंगारकर्म आणि खाणीचा धंदा म्हणून स्फोटकर्म सांगितलं, ते पृथ्वीकाय, अग्निकाय, वायुकाय जीवांचा विचार करून. पण कारखान्याला नावं ठेवून मोकळं होता येणार नाही. आपली घरं, आपली मंगल कार्यालयं, आपली नवी मंदिरंसुद्धा सिमेंटचीच आहेत. बेंगळूर-हैदराबादच्या इमारतींत सिमेंट जातं आणि धूळ सेडमच्या अंगणात राहते.

मग भरायचं कुणी? जास्त वापरणाऱ्यानं जास्त भरावं, हा मला सरळ न्याय वाटतो. आपल्याकडं त्याला परिग्रहाचं परिमाण म्हणतात. मर्यादेच्या वरचं आपलं नव्हे. आज उलटं चाललं आहे. संपत्तीवरचा कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, २०१९ साली कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, आणि चुनखडीची रॉयल्टी? २०१४ साली ठरलेला दर टनाला ८० रुपये. लाखो वर्षांत तयार झालेल्या एक टन दगडाचे ८० रुपये, म्हणजे सिमेंटचं एक पोतंही येत नाही. २०१५ पासून कायद्यानं रॉयल्टीच्या प्रमाणात काही रक्कम जिल्हा खनिज निधीत टाकावी लागते. जुन्या खाणींना ती ३० टक्के, म्हणजे टनामागं २४ रुपये. खाणीनं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, बायका-मुलांसाठी हा निधी आहे. सेडम-चित्तापूरच्या बायांनो, हे पैसे तुमचे आहेत. कुठल्या गावात त्यातलं काय झालं, हे विचारायचा पहिला हक्क तुमचा.

न विचारल्यावर काय होतं, ते कोळशावरच्या उपकरानं दाखवलं. २०१० साली टनाला ५० रुपये असा तो सुरू झाला, स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारायचा म्हणून. २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. पण २०१७ पर्यंत जमलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग त्या निधीत पोचलाच नाही. जीएसटी आल्यावर तर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडं वळवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गुंडाळला. हवेच्या नावानं बोली लागली, रक्कम भरली गेली, आणि अभिषेक मात्र झाला नाही. मंदिरात असं घडलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

इथं एका घोषणेबद्दल बोलायला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यातले मंत्री दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले होते, ‘नन्न तेरिगे, नन्न हक्कु’ म्हणत. माझा कर, माझा हक्क. केंद्राच्या करातला कर्नाटकाचा वाटा पंधराव्या वित्त आयोगानं ४.७१ वरून ३.६५ टक्क्यांवर आणला होता, म्हणून ती तक्रार. तक्रारीत तथ्य आहे, पण घोषणा मला टोचते. उद्या बेंगळूरनं हेच आपल्याला म्हटलं तर? राज्याचा मोठा महसूल तिकडून येतो. २००२ साली नंजुंडप्पा समितीनं राज्यातले अतिमागास ३९ तालुके मोजले, त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते. पुढं कलम ३७१ (जे) आलं, विकास मंडळ आलं, निधी आला. तो बेंगळूरची भीक नव्हे. निजामाच्या राज्यात मागं राहिलेल्या, आणि नंतरही मागंच ठेवलेल्या मुलखाचं ते देणं आहे. ‘ज्यानं भरलं त्यालाच मिळावं’ हा दुकानाचा नियम झाला. करातला हक्क भरलेल्या रकमेवर ठरत नाही, गरजेवर ठरतो. भरणाऱ्याचा हक्क आहे तो हिशेबावर. आणि हे जर बेंगळूरला लागू, तर आपल्या गावातल्या बड्या दुकानदारालाही लागू.

“आमच्या विचारण्यानं काय होणार?” असं कुणी म्हणेल. जुलै २०१७ मध्ये सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला. देशभरच्या बायकांनी आवाज उठवला, जो विषय घरात कुजबुजून बोलायचा तो चारचौघांत बोलल्या. वर्षभरात, जुलै २०१८ ला, तो कर शून्यावर आला. विचारल्यानं होतं.

सुरुवात कुठून करायची तेही सांगते. कर्नाटकात दरवर्षी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ग्रामपंचायतींची ‘जमाबंदी’ असते. वर्षाचा जमाखर्च, कामांची यादी, बिलं लोकांपुढं ठेवायची आणि लोकांनी तपासायची. बहुतेक गावांत दहा-बारा पुरुष जातात, सही करतात, चहा पिऊन येतात. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण ऐकायला बसणाऱ्यांत बायका नसतात. गावात राहत नसाल तर नगरपालिकेला दहा रुपये भरून माहितीचा अर्ज करता येतो. २००५ च्या कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि जमाबंदीचा महिना बघा कुठला येतो! भाद्रपद. आपलं दशलक्षण पर्व बहुतेक त्याच दिवसांत असतं. सकाळी आपण मंदिरात उत्तम शौच ऐकतो, लोभाचा मळ धुवायचा म्हणतो. उत्तम सत्य ऐकतो, उत्तम त्याग ऐकतो. या वर्षी त्यातल्या एका दुपारी चार-पाच जणी मिळून पंचायतीत जाऊ. उपास असला तरी चालेल, तिथं बसायचंच आहे. वही-पेन बरोबर घ्यायचं, नळाच्या कामाचं बिल मागायचं, आणि येताना काही खरेदी केली तर पक्की पावती घ्यायची. एकीनं भरायचं आणि दुसरीनं विचारायचं असं नको. जी भरते तिनंच विचारायचं, आणि जिला विचारायचं आहे तिनं आधी भरायचं.